एकवीस दिवसांत शत्रुप्रेम

(नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका, बरकतपुरा आवृत्ती)

कोठीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. त्यात ‘तीस दिवसांत तेलुगू’ छापाचे एखादे पुस्तक हमखास सापडते. माझे वडील नगरहून हैदराबादला आले तेव्हा पहिल्या पगारात त्यांनी असे एक पुस्तक घेतले आणि तीस दिवस नेमाने पाठ केले. एकतिसाव्या दिवशी त्यांना ‘हा आंबा आहे’, ‘तो हत्ती आहे’ आणि ‘माझ्या मामाचा घोडा कुठे गेला?’ एवढे तेलुगू बिनचूक येत होते. बरकतपुऱ्यात त्यांना मामा नव्हता आणि नगरच्या मामाला घोडा नव्हता. भाजीवालीने वजनात मारले तर काय म्हणायचे, हे मात्र पुस्तकात कुठेच दिलेले नव्हते.

आईची अडचण वेगळीच झाली. ‘या’ याला तेलुगूत जो आदराचा शब्द आहे, तो मराठी कानावर थेट शिवीसारखा पडतो. इथे लिहीत नाही. हैदराबादला आलेल्या मराठी माणसाला तो एकदा तरी लागलेला असतो. शेजारणीने दार उघडून हसतमुखाने तो शब्द उच्चारला आणि आई उंबऱ्यावरूनच माघारी फिरली. पुढे दोन महिने बोलणे बंद.

प्रस्तुत मार्गदर्शिका त्या पुस्तकाच्याच जातीची आहे. डोंगरावरील प्रवचनात येशूने शत्रूवर प्रेम करायला आणि छळणाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगितले. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात ते आहे. आम्ही ख्रिस्ती लोक ते लहानपणापासून ऐकतो, माना डोलावतो, आणि उपासना आटोपून बाहेर आल्यावर आपल्या गाडीमागे कोणी गाडी लावली असेल तर त्याचा उद्धार करतो. पाठ्यपुस्तक दोन हजार वर्षे चालू आहे. प्रात्यक्षिकाची वही तेवढी कोणी काढली नव्हती, ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न. लेखक स्वतः नवशिका आहे, हे ग्राहकांनी ध्यानात घ्यावे.

वापरण्यापूर्वी वाचा

ही पद्धत किरकोळ आणि मध्यम आकाराच्या शत्रूंसाठी आहे. घरात मारहाण होत असेल, कोणी जिवावर उठले असेल, लेकराला त्रास होत असेल, तर हे पान मिटा. आधी घराबाहेर पडा, पोलिसांत जा. ‘सोस बाई, प्रभू बघतोय’ असे सांगणाऱ्याला शुभवर्तमान कळलेले नाही.

पंडिता रमाबाईंना ते कळले होते. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर देशी परतून त्यांनी गांजलेल्या विधवांना ‘परत जा आणि सासरच्यांवर प्रेम करा’ असा उपदेश केला नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले, आणि राहायला छप्पर, शिकायला अक्षर, हाताला काम दिले. संस्थेचे नाव बघा: मुक्ती. शत्रूवर प्रेम करायला माणूस आधी जिवंत आणि मोकळा लागतो.

धडा पहिला: साहित्य

शत्रू १ (ताजा). वही १. आरसा १ (दुसऱ्या धड्यात लागेल). धीर, अंदाजाने.

शत्रू निवडताना नवशिके फार मोठा निवडतात. शेजारचा देश, विरोधी पक्ष, टीव्हीवरचा कोणी तरी. असा शत्रू सोयीचा असतो. त्याला क्षमा करायला जिना चढावा लागत नाही आणि केली नाही तरी त्याला कळत नाही. सरावासाठी शत्रू असा हवा, की जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज आला तर तुमच्या हातातला घास थांबला पाहिजे.

नमुन्यादाखल माझा शत्रू घेऊ. बरकतपुऱ्यात चमनपासून पाच मिनिटांवर आमची जुनी तीन मजली इमारत आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. निवृत्त गृहस्थ, कपाळाला नेमस्त गंध, गुरुवारी राघवेंद्र स्वामींच्या मठात जाणार म्हणजे जाणार. सगळी इमारत त्यांना अंकल म्हणते. नळाला पाणी दिवसाआड, पहाटे येते. ते संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या हौदात उतरते आणि मोटर ते गच्चीवर चढवते. गच्चीवर दोन टाक्या आहेत, एक सगळ्यांची आणि एक अंकलची खासगी. दोन्हींच्या मध्ये पितळी चाकाचा व्हॉल्व्ह. चाक डावीकडे फिरवले की पाणी सगळ्यांना, उजवीकडे फिरवले की त्यांना. पहाटे पाच वाजता ते चाक उजवीकडे फिरते. त्याची कीर्रर्र पाइपातून माझ्या न्हाणीघरापर्यंत ऐकू येते. दोन वर्षे मी ती पांघरुणात पडून ऐकली आणि दोन वर्षे माझी लेक अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून कॉलेजला गेली.

शत्रू तयार आहे. पुढे चला.

धडा दुसरा: वाईट येते कुठून?

नवशिक्याला वाटते, वाईट हा एक वेगळा पदार्थ आहे आणि तो तिसऱ्या मजल्यावर साठवलेला आहे.

यावर जुने औषध संत ऑगस्टीनचे. उत्तर आफ्रिकेतला हा बिशप ३५४ साली जन्मला. पोरवयात त्याने मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. पोरांनी बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झाल्यावर आत्मकथनात त्याने या एवढ्याशा चोरीचा इतका काथ्याकूट केला, की वाचणाऱ्याला वाटावे याने खजिना लुटला होता. त्याला छळत होता तो प्रश्न साधा होता: मी हे का केले? झाडाने सक्ती केली नाही, पोटाने केली नाही. मन केले म्हणून केले.

त्याच्या विचाराचा निष्कर्ष असा, की वाईटाला स्वतःचे अंग नसते. डोळा ही वस्तू आहे, आंधळेपण ही वस्तू नाही. ते डोळ्यातले उणेपण आहे. देवाने वाईट नावाचे काही घडवले नाही. घडवले ते सगळे चांगलेच, पण चांगल्याला वाकवता येते. कीड लागायला आधी आंबा लागतो.

स्वाध्याय: शत्रूच्या वाईट वागण्याखाली कोणती चांगली गोष्ट वाकलेली आहे, ते शोधा. मी वॉचमनकडे चौकशी केली. अंकल मूळचे महबूबनगरकडच्या कोरडवाहू गावचे. लहानपणी त्यांच्या आईने कोसभर लांबून डोक्यावर पाणी आणले. हैदराबादला आल्यावर दहा बिऱ्हाडांत एक नळ. घरात पाणी भरून ठेवणे ही त्या माणसाची माया आहे. ती उजवीकडे वाकली आहे, एवढेच.

धोक्याची सूचना: कारण कळले म्हणून चोरी रद्द होत नाही. लेकीची बादली अर्धीच राहते. आणि आता आरसा काढा. माझ्या टाकीचे चाक माझ्या हाती असते तर? मी मे महिन्यात ते सगळ्यांकडे फिरवले असते का? मी उत्तर वहीत लिहिले आणि पान फाडून टाकले.

धडा तिसरा: चाकाला कुलूप

इथे विद्यार्थी चिडून विचारतो: देव सर्वशक्तिमान आहे ना? मग माणसाच्या हाताखाली उजवीकडे फिरणारे चाक ठेवलेच कशाला?

आमच्या इमारतीत हा प्रयोग होऊन गेला आहे. एका मे महिन्यात सोसायटीची मीटिंग भरली आणि ठराव झाला, चाक डावीकडे करून साखळी घालायची, कुलूप लावायचे, किल्ली वॉचमनकडे. वॉचमन तेव्हाच म्हणाला, “ताला तो डाल दिये साब, अब चाबी पे कौन नजर रखना?” त्याच्या तत्त्वज्ञानाकडे कोणी लक्ष दिले नाही.

पाणीचोरी त्या दिवसापासून बंद झाली. अंकल प्रामाणिक झाले का? नाही. कुलूपबंद झाले. आम्ही त्यांना चोर म्हणायचे थांबलो, पण भला माणूसही म्हणू शकत नव्हतो, कारण भलेपणा करायला त्यांच्यापुढे वाटच नव्हती. शिवाय पूर्वी एक रीत होती, ती आम्ही विसरलो होतो. कोणाकडे पाहुणे आले, लग्नाची हळद निघाली, की ते चाक थोडा वेळ उजवीकडे फिरवून अंकलच आपल्या टाकीतून पाइप सोडून देत. तळमजल्यावरच्या आजींच्या घरी गावाकडून बारा माणसे उतरली तेव्हा टाकी रिकामी, चाकाला साखळी आणि किल्ली घेऊन वॉचमन गावी. पाणी देण्याची इच्छा असलेली तीन बिऱ्हाडे गच्चीवर कुलपाभोवती उभी राहिली. संध्याकाळी करवतीच्या पात्याने साखळी कापली. पुन्हा घातली नाही.

ख्रिस्ती धर्म निवडीच्या स्वातंत्र्याबद्दल जे सांगतो, ते एवढ्यावरून समजायला हरकत नाही. जे चाक चुकीच्या बाजूला फिरूच शकत नाही, ते बरोबर बाजूला फिरवले असेही म्हणता येत नाही. प्रेमाची गोष्ट तर याहून नाजूक. सक्तीने करवून घेतलेल्याला दुसरे कोणतेही नाव देता येईल, प्रेम हे नाव देता येणार नाही. गव्हाच्या शेतात शत्रूने निदण पेरले, या दृष्टांतातही चाकर उपटायला धावतात आणि धनी त्यांना थांबवतो. निदणाबरोबर गहूही उपटून येईल म्हणतो. कापणीपर्यंत दोन्ही वाढू देण्याचा त्याचा धीर चाकरांना समजत नाही. सोसायटीच्या मीटिंगलाही समजला नव्हता.

माणसांतला नमुना हवा असेल तर टिळकांच्या घरात जा. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. ताटातूट झाली. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले, तरी बाईंनी आपला धर्म लगेच सोडला नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधली पाच वर्षे त्यांची स्वतःची होती. नवऱ्याच्या मागोमाग फरफटत त्या तिथे गेल्या असत्या, तर ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथेतल्या त्या ताठ, हसऱ्या, कोणाचीही भीडभाड न ठेवणाऱ्या बाई आपल्याला भेटल्या नसत्या.

धडा चौथा: अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न

कुलपाचे उत्तर पाठ झाले की विद्यार्थी ते सगळीकडे लावू लागतो. तसे करू नये. हैदराबादेत तर मुळीच नको.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसी नदीला पूर आला. सुमारे १५,००० माणसे गेली असे मानतात. आजच्या उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड लोक अजून दाखवतात. त्या रात्री कोणीही कोणतेही चाक उजवीकडे फिरवले नव्हते. वाहून गेलेल्या पोराच्या आईपुढे ‘माणसाचे स्वातंत्र्य’ हा धडा वाचायला उभे राहणाऱ्याला चिंचेच्याच फोकाने मारावे.

पवित्र शास्त्रात ईयोबाचे मित्र हेच करतात. ते सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसतात, तोवर त्यांचे बरे चाललेले असते. मग तोंड उघडतात आणि त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागतात. शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, या कारणे सांगणाऱ्यांवर. ख्रिस्ती माणसाकडे पुराचा खुलासा नाही. त्याच्याकडे एक क्रूस आहे. त्यावर टांगलेला देव दुःखाचे कारण सांगत नाही, दुःखात सामील होतो. एवढ्याने ज्याचे भागत नाही, त्याच्याशी वाद घालू नये.

मूसीला उपयोगी पडले ते उत्तर अभियंते विश्वेश्वरय्यांचे होते. त्यांना बोलावले, त्यांनी वरच्या अंगाला पाणी अडवण्याची योजना आखली, आणि १९२० मध्ये उस्मानसागर, १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. वाईटापुढे ‘का’ अडला की ‘आता काय’ कडे वळावे, एवढा या धड्याचा सारांश.

धडा पाचवा: प्रात्यक्षिक

*दिवस १ ते ३. नाव घ्या.* आमच्या घरात अंकलचे नाव ‘टाकी’ होते. ‘टाकी उतरली.’ ‘टाकी मठात निघाली.’ तीन दिवस घरात त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने संबोधायचे असे मी फर्मान काढले. टाकीचा राग जितक्या सहज येतो, तितका आई-बापाने बारशाला कानात सांगितलेल्या नावाचा येत नाही. मुलांनी दुसऱ्याच दिवशी टाकीला तेलुगूतले आदराचे ‘गारू’ जोडले. ही प्रगती समजावी.

*दिवस ४ ते ७. प्रार्थना.* नवशिक्यांची प्रार्थना साधारण अशी असते: हे प्रभू, वरच्यांना सद्बुद्धी दे. ही प्रार्थना नव्हे, हा तक्रार अर्ज आहे. मायना तेवढा बदलला आहे. खरी प्रार्थना ओळखायची खूण अशी की शत्रूने ती चोरून ऐकली तर त्याला ‘आमेन’ म्हणावेसे वाटले पाहिजे. अंकलचे गुडघे दुखतात आणि मुलाच्या नोकरीचे कुठे जमत नाही, हे मला ठाऊक होते. चौथ्या दिवशी गुडघ्यांसाठी प्रार्थना केली; गुडघे बरे झाले तर ते गच्चीवर आणखी लवकर चढतील, हा विचार ‘आमेन’च्या आधीच आला. पाचव्या दिवशी मुलाच्या नोकरीवर आलो.

*दिवस ८ ते १२. गुपचूप उपकार.* पावसाळ्यात अंकलचा तेलुगू पेपर जिन्यात भिजतो. तो उचलून कोरड्या जागी ठेवायचा. पहिल्या दिवशी मी तो ठेवला आणि ते दार उघडेपर्यंत जिन्यात बुटाचे बंद बांधत बसलो. हे चालत नाही. पौलाने रोमकरांना लिहिले आहे की शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल. विद्यार्थ्यांना जेवणापेक्षा निखारे फार आवडतात. शत्रू ओशाळावा म्हणून केलेला उपकार ही सुडाचीच सुधारलेली आवृत्ती आहे. पेपर ठेवा आणि चालू लागा.

*दिवस १३ व १४. गाल.* उजव्या गालावर मारले तर दुसरा पुढे करा, या वाक्याने जगात जितकी चेष्टा सोसली तितकी क्वचितच दुसऱ्या वाक्याने सोसली असेल. कृती करून पाहा. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर हात उलटा मारावा लागतो. उलट्या हाताची चपराक बरोबरीच्या माणसाला मारत नाहीत, चाकराला मारतात. इजेपेक्षा तिच्यात अपमान जास्त. काही अभ्यासक म्हणतात, डावा गाल पुढे करणे म्हणजे ‘मारायचेच तर बरोबरीचा समजून मार’ असे सांगणे. लोळण घेणे नव्हे आणि उलट मारणेही नव्हे. दोन्हींच्या मधली जागा अरुंद आहे. तिथे ताठ उभे राहावे लागते.

*दिवस १५ ते २०. समजूत.* मत्तयाच्या अठराव्या अध्यायात भांडणाची पद्धत क्रमवार दिली आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोला. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्या. तरीही नाही ऐकले तर मंडळीला सांगा. आमच्या इमारतीची पद्धत याच्या बरोबर उलटी आहे. आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता सर्वांना सुनावायचे, मग दोघा-तिघांना जिन्यात गाठून ‘तुम्हीच सांगा’ म्हणायचे, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी मरेपर्यंत बोलायचे नाही. ग्रुपवर टाकायचा मजकूर मी सहा दिवसांत सात वेळा लिहिला, त्यातली दोन वाक्ये तर फारच साधली होती. सातही वेळा पुसला. या अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड व्यायाम हाच.

एकविसावा दिवस शेवटी घेऊ. तत्पूर्वी वरच्या वर्गाच्या वह्या पाहून ठेवा.

प्रगत अभ्यासक्रम (घरी करून पाहू नये)

राणी मारिया ही केरळची जोगीण मध्य प्रदेशात उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींना संघटित करत होती. काहींच्या धंद्याला ते बाधले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसच्या प्रवासात समंदर सिंग नावाच्या माणसाने तिला चाकूने भोसकून मारले. तिची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही जोगीणच. २००२ साली राखी पौर्णिमेच्या सुमाराला ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने संमती दिली. २००६ मध्ये तो सुटला आणि पुढे केरळात राणी मारियाच्या आईला भेटून आला. रोमने नेमून दिलेला हा विधी नव्हता. शत्रूला भाऊ करून घ्यायला आपल्याकडे एक दोरा असतो, हे तिला आठवले इतकेच.

आमच्याकडचा जुना विद्यार्थी पैठणचा. तेव्हाचे पैठण पुढे निजामाच्या राज्यात आले, म्हणजे एका अर्थी तो आमच्या संस्थानचाच. संत एकनाथ गोदावरीचे स्नान करून निघाले की एक जण वरून थुंकायचा. नाथ पुन्हा नदीवर जायचे. कथेत हा प्रकार १०८ वेळा चालतो. सांगणारे नाथांची शांती सांगतात. मला राहून राहून त्या थुंकणाऱ्याचे वाटते. चाक शंभर वेळा उजवीकडे फिरवल्यावरही ते डावीकडे फिरवायची मुभा त्याला उरली होती, आणि ती नाथांनी उरू दिली होती.

शंका-समाधान

*क्षमा केली म्हणजे तक्रार मागे घ्यायची का?* नाही. ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप व टिमथी ही त्यांची दोन मुले गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले आणि बारीपदाला कुष्ठरोग्यांचे काम पुढे काही वर्षे चालू ठेवले. खटला मात्र चालला. मुख्य आरोपीला झालेली फाशी उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. क्षमा ही ग्लॅडिसबाईंची होती, निकाल न्यायालयाचा. त्यांनी दोन्ही खाती वेगळी ठेवली. आपण एकात मिसळतो, म्हणून ना धड क्षमा होते, ना धड न्याय.

*किती वेळा क्षमा करायची?* पेत्राने हाच प्रश्न विचारला होता. सात वेळा पुरे का, म्हणाला. उत्तर आले, सत्तर गुणिले सात. म्हणजे ४९०. आमच्याकडे पाणी दिवसाआड येत असल्याने हा कोटा संपायला ९८० दिवस लागतात, दोन वर्षे आठ महिने. माझी दोन वर्षे झालेली होती. आठ महिने कळ काढली की मी मोकळा, असा हिशेब मी वहीत मांडला आणि पाळकांना दाखवला. ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, जो मोजतो त्याने अजून एकदाही केलेली नसते.

*शत्रू बदलला नाही तर?* तो त्याचा प्रश्न. त्याच्या हातात एक चाक आहे. दुसरे तुमच्या हातात आहे, आणि तुम्ही पहाटे पाचला कोणत्या तोंडाने उठायचे ते त्यावर ठरते. दोन वर्षे माझे चाकही अंकलच फिरवत होते. तेही मीच त्यांना देऊन ठेवले होते.

दिवस एकविसावा

रविवारी उपासनेनंतर मी एकटाच तिसऱ्या मजल्यावर गेलो. तेलुगूतली सहा वाक्ये पाठ केली होती. घंटी वाजवली. अंकलनी दार उघडले, माझ्याकडे पाहिले, आणि आईला परतवणारा तोच शब्द उच्चारला. मी चपला काढून आत गेलो.

सहापैकी चार वाक्ये नीट बोललो. लेकीची अर्धी बादली सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. नाकारले नाही, सबबही सांगितली नाही. मग स्टीलच्या पेल्यातून पाणी पुढे केले (काठोकाठ) आणि अगदी हळू विचारले, “गुरुवारी तुमच्याकडे काय तळतात?”

मी गारठलो. मुंबईच्या नातेवाइकांनी धाडलेली सुकट आणि बोंबील, मनमाडहून अजंता एक्सप्रेसने काचीगुड्याला उतरणारा आमचा ठेवा. बायकोला गुरुवारी सुट्टी. गुरुवारीच तळण निघते. धूर खिडकीतून निघून सरळ वर जातो. वर अंकलचे देवघर आहे. गुरुवार राघवेंद्र स्वामींचा.

सहा वर्षे. सहा वर्षे दर गुरुवारी ते देवघराची खिडकी लावून घेत, जास्तीची उदबत्ती लावत आणि आम्हाला एका शब्दाने बोलत नसत. पहिल्या वर्षी राग यायचा, ते म्हणाले. तिसऱ्या वर्षापासून सवय झाली. म्हणजे आमच्या डोक्यावर एक माणूस सहा वर्षे हाच कोर्स करत होता, आणि आम्हाला त्याचा वासही आला नव्हता.

घरी येऊन तळणाचा वार बदलायला बसलो. शुक्रवारी वरती लक्ष्मीची पूजा. शनिवार वेंकटेश्वराचा. सोमवारी शंकर, मंगळवारी मारुती. रविवारी आम्ही स्वतः चर्चमध्ये. बुधवार उरला. बायकोने बुधवारी अर्धी रजा मिळते का बघते म्हटले. पाण्याचे पुरते मिटले असे मी सांगणार नाही. गेल्या आठवड्यात एकदा चाक उजवीकडे गेले होतेच, आणि माझ्या मनात ‘टाकी’ हे नाव आलेच.

आज पाण्याचा दिवस होता. पाच वाजता पाइपातून कीर्रर्र ऐकू आली. मी पांघरुणात डोळे उघडून पडलो होतो. आवाज थांबला. वरती कोणी तरी खोकले. मग कीर्रर्र पुन्हा आली, या वेळी उलटी, निम्म्यावर येऊन थांबली. उलटी मी पहिल्यांदाच ऐकत होतो.